दोनशे मीटरचं जग

कार्नर ब्लू या फुलपाखराचा पत्ता एका ओळीत देता येतो: वाळू, ल्युपिन नावाचं शेंगवर्गीय रानझाड आणि अलीकडेच लागून गेलेला जाळ. यातली वाळू हजारो वर्षं जागची हललेली नाही. ल्युपिन जमलं तर वर्षानुवर्षं तग धरतं. जाळाची खूण मात्र पाच-सात पावसाळी वर्षांत पुसली जाते, झुडपं वर येतात, सावली दाटते आणि पत्ता बदलतो. हे फुलपाखरू मात्र फार लांब जाऊन नवा पत्ता शोधणाऱ्यांतलं नव्हे.

न्यूयॉर्क राज्याची राजधानी ऑल्बनी. तिच्या पश्चिमेला, समुद्रापासून कितीतरी आत, वाळूची टेकाडं आहेत. हिमयुग संपताना वितळलेल्या पाण्याचं इथे अवाढव्य सरोवर साचलं होतं. ते ओसरलं, तळची वाळू उघडी पडली, वाऱ्याने ती उडवून तिचे ढीग रचले. त्यावर पिच पाइनची खुरटी झाडं आणि माणसाच्या डोक्याइतक्या उंच ओकची दाट झुडपं. याला पाइन बुश म्हणतात. आज त्याच्यातून हमरस्ते जातात, एका कडेला मोठा मॉल आहे, अवतीभवती घरं आहेत आणि मधे साधारण 3,300 एकर राखीव जमीन उरली आहे. पूर्वी याच माळावर कार्नर नावाचं रेल्वेचं एक छोटं ठाणं होतं. फुलपाखराला नाव मिळालं ते त्याचं.

शास्त्रीय नाव दिलं व्लादिमिर नाबोकोव्ह यांनी. कादंबरीकार म्हणून ते जगाला माहीत आहेत, पण 1940 च्या दशकात ते हार्वर्डच्या प्राणिशास्त्र संग्रहालयात निळ्या फुलपाखरांच्या पेट्या लावत बसत आणि नरांची जननेंद्रियं सूक्ष्मदर्शकाखाली ताडून पाहत. पंखांवरच्या ठिपक्यांपेक्षा ती खूण म्हणून जास्त पक्की असतात. त्यातून त्यांनी हे फुलपाखरू वेगळं काढलं आणि जुने कीटकशास्त्रज्ञ सॅम्युएल स्कडर यांच्या नावाने त्याला ‘सॅम्युएलिस’ म्हटलं. नाव ठेवलं तेव्हा त्यांच्यासमोर होते टाचणीला टोचलेले नमुने. जिवंत कार्नर ब्लू त्यांनी पाहिलं ते नंतर, 1950 मध्ये, त्याच वाळूवर. ही स्वतंत्र जात मानायची की पश्चिमेकडच्या मेलिसा ब्लूची उपजात, हा वाद अभ्यासकांत अजून चालतो. ल्युपिनला त्याच्याशी काही देणंघेणं नाही.

आकार पाच रुपयांच्या नाण्याएवढा. नराचे पंख वरून चांदीची झाक असलेले निळे-जांभळे, काठाला बारीक काळी रेघ आणि तिच्याबाहेर पांढरी झालर. मादी अंगाजवळ निळी, काठाकडे करडी-तपकिरी होत जाणारी आणि मागच्या पंखांच्या कडेला नारिंगी चंद्रकोरींची ओळ. दोघांनी पंख मिटले की खालची बाजू राखाडी, काळे ठिपके आणि पुन्हा नारिंगी कोरी, त्यांत धातूसारखे चमकणारे टिपके. ओळख पटवायची ती या खालच्या बाजूवरून. ईस्टर्न टेल्ड ब्लू नावाचं आणखी एक छोटं निळं फुलपाखरू त्याच जागी उडतं, पण त्याच्या मागच्या पंखाला केसासारखी शेपटी असते. झिजलेल्या पंखांवर ती गळून गेलेली असली की नवखा माणूस हमखास फसतो.

आता त्याचं वर्ष. ते एप्रिलमध्ये सुरू होतं असं म्हणायची पद्धत आहे, पण खरी सुरुवात आदल्या जुलै-ऑगस्टमध्ये झालेली असते. उन्हाळ्यातल्या दुसऱ्या पिढीच्या माद्या एकेक सुटं अंडं घालतात: ल्युपिनच्या वाळत आलेल्या काडीवर, शेजारच्या गवताच्या पात्यावर, जमिनीलगतच्या पाचोळ्यावर. अंडं खसखशीच्या दाण्यापेक्षाही लहान, हिरवट पांढरं, वरून चपटं. ऑगस्टपासून एप्रिलपर्यंत, आठ-नऊ महिने, ते तिथेच राहतं. त्यावर बर्फ पडतो आणि बर्फ पडणं गरजेचं असतं, कारण बर्फाच्या थराखाली तापमान फार खाली उतरत नाही आणि अंडं सुकत नाही. उघड्या, कोरड्या, गोठलेल्या हिवाळ्यात नुकसान जास्त.

एप्रिलच्या मध्यापासून ल्युपिनचे कोंब वाळूतून वर येतात आणि त्याच सुमारास अंडी फुटतात. अळी हिरवी, मटारच्या रंगाची, अंगावर बारीक लव, काळपट डोकं आत ओढून घेतलेलं. ल्युपिनच्या पानावर ती दिसतच नाही. तिला शोधणारे लोक तिला शोधत नाहीत, तिचं खाणं शोधतात. ती पानाचा एक पापुद्रा शाबूत ठेवून मधला गर खरवडते, त्यामुळे पानावर काचेच्या खिडकीसारखे पारदर्शक तुकडे उरतात. उन्हाकडे धरलेल्या पानात अशी खिडकी दिसली की अळी इथे आहे किंवा होती. दुसरी खूण मुंग्या. ल्युपिनच्या एखाद्या देठावर तीन-चार मुंग्या उगाच रेंगाळताना दिसल्या, तर त्या उगाच रेंगाळत नसतात.

तीन-चार आठवडे खाऊन अळी कोष करते, आठ-दहा दिवसांत फुलपाखरू बाहेर येतं आणि मेच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत पहिली पिढी उडते. नेमका हाच ल्युपिनच्या फुलांचा काळ. या माद्यांची अंडी मात्र हिवाळ्याची वाट पाहत नाहीत. आठवड्याभरात ती फुटतात, अळ्या घाईघाईने वाढतात आणि जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुसरी पिढी उडते. सगळं ठीक असेल तर ही पिढी पहिलीच्या तिप्पट-चौपट मोठी असते. एकेका फुलपाखराचं आयुष्य सरासरी पाच दिवस, फार तर दोन-तीन आठवडे. एवढ्यात जोडीदार, मध आणि अंडी घालायची जागा, तिन्ही सापडायला हवीत.

दोन पिढ्यांचं हे गणित ल्युपिनच्या वेळापत्रकावर बसवलेलं आहे आणि खरी अडचण तिथेच आहे. ल्युपिन फुललं की त्याच्या शेंगा उन्हात तडतडतात, बिया काही मीटर दूर फेकतात आणि झाड मरगळायला लागतं. जुलैत उघड्या माळावरची पानं पिवळी पडतात, काही जागी सगळं झाड जमिनीवरून नाहीसं होतं, मूळ तेवढं खाली जिवंत. दुसऱ्या पिढीच्या अळ्यांना त्याआधी पोट भरून घ्यायचं असतं. म्हणून उघड्या उन्हातलं भरगच्च ल्युपिन, जे फोटोत सगळ्यांत देखणं दिसतं, तेवढंच असून भागत नाही. झाडाच्या कडेला, अर्ध्या सावलीत, उत्तरेच्या उतारावर जे ल्युपिन उशिरापर्यंत हिरवं राहतं, ते उन्हाळा कडक निघाला की जीव वाचवतं. नर बहुतेक वेळ उघड्यावर घिरट्या घालतात. माद्या अंडी घालायला कडेच्या ऊनसावलीत शिरतात.

मुंग्यांबद्दल जरा थांबून सांगायला हवं. या कुळातल्या बऱ्याच अळ्यांच्या पाठीवर, शेपटीकडच्या भागात, गोड रस देणारी एक ग्रंथी असते. मुंगी मिशांनी थोपटते, अळी थेंब सोडते, मुंगी तो पिते. मोबदल्यात अळीवर अंडी घालायला आलेली परजीवी गांधीलमाशी आणि तिला खायला आलेले किडे मुंगीच्या तावडीत सापडतात. ऑल्बनीच्या वाळूवर झालेल्या अभ्यासात मुंग्यांचा पहारा असलेल्या अळ्या जास्त संख्येने जगल्याचं दिसलं. एकाच जातीच्या मुंगीवर त्यांचं अडत नाही, दीड-दोन डझन जातींच्या मुंग्या हे काम करतात, ही त्यातल्या त्यात सोय. आपल्याकडे तुरीच्या, घेवड्याच्या शेंगांवर वाढणारं पी ब्लू याच कुळातलं आणि त्याच्या अळीभोवतीही मुंग्या असतात. तेही शेंगवर्गीय झाडावरच. फरक एवढाच की पी ब्लूला शेंगवर्गातलं अनेक काही चालतं, म्हणून ते आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलं. कार्नर ब्लूच्या अळीला एकच झाड चालतं: पूर्वेकडचं रानटी ल्युपिन, लुपिनस पेरेनिस.

त्यातही फसगत आहे. अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंड भागात रस्त्यांच्या कडेला जूनमध्ये जे उंच, गुलाबी-निळं-पांढरं ल्युपिन डोलत असतं, ज्याची पोस्टकार्डं निघतात, ते बहुतेक करून पश्चिम किनाऱ्याकडून आणलेलं मोठ्या पानांचं ल्युपिन. कार्नर ब्लूच्या उपयोगाचं ते नाही, शिवाय देशी ल्युपिनशी त्याचा संकर होतो. उत्साही माणूस फुलपाखरांसाठी म्हणून दुकानातून ‘ल्युपिन’ लिहिलेलं पाकीट आणतो आणि नेमकं हेच पेरतो. पानाच्या पर्णिका (एका देठावरच्या सुट्या पाकळ्यांसारख्या पाती) मोजल्या तर ओळखता येतं: देशी ल्युपिनच्या साधारण सात ते अकरा, पश्चिमेकडच्याच्या त्याहून बऱ्याच जास्त आणि रुंद.

देशी ल्युपिन लावायला अवघड नाही, पण काही गोष्टी चुकल्या की काहीच उगवत नाही. बी कठीण कवचाचं, पाणी आत शिरू न देणारं. शरद ऋतूत उघड्यावर पेरलं तर हिवाळ्याच्या गोठण्या-वितळण्यातून कवच आपोआप तडकतं. वसंतात पेरायचं तर बी पॉलिश पेपरवर हलकेच घासून, रात्रभर भिजवून घ्यायचं. फुगलेलं बी तेवढं चांगलं, न फुगलेलं पुन्हा घासायचं. मग कडधान्याला करतात तशीच जिवाणू संवर्धकाची बीजप्रक्रिया, पण ल्युपिनला चालणाऱ्या जिवाणूची. तुरी-सोयाबीनचं पाकीट इथे कामाचं नाही. पेरणी सेंटीमीटरभर खोल. जमीन वाळूची, आम्ल, निकस. चांगली काळी माती, खत, पाणी दिलं की गवत आणि तण माजतात आणि ल्युपिन त्यांच्याखाली गुदमरतं. रोप मोठं झाल्यावर हलवू नये, सोटमूळ खोल जातं आणि तुटलं की रोप बसत नाही. किलोभर बियांत तीस-चाळीस हजार दाणे असतात, तरी ताबडतोब हिरवळीची अपेक्षा धरू नये: पहिल्या वर्षी चार पानं, फुलं बहुधा तिसऱ्या वर्षी. आणि हरणं. ती ल्युपिनचे तुरे खुडून खातात, पानांसकट त्यावरची अंडीही पोटात जातात. नव्या लावणीला काही ठिकाणी विजेचं कुंपण घालावं लागतं.

नुसतं ल्युपिन पुरत नाही हे सांगून पुढे जातो. अळीला ल्युपिन, पण प्रौढाला मध हवा. पहिल्या पिढीला ल्युपिनची आणि रानबेरींची फुलं मिळतात. दुसरीला जुलैच्या कोरड्या माळावर नारिंगी बटरफ्लाय वीड, न्यूजर्सी टी, ठिपक्यांचा बी बाम. जिथे ही फुलं संपली आहेत तिथे कार्नर ब्लू युरोपातून आलेल्या स्पॉटेड नॅपवीडवरही बसतं, जे काढून टाकण्यासाठी वन्यजीव खात्यांचा एवढा खटाटोप चालतो. तण उपटायचं, पण त्याजागी दुसरं फुलझाड उभं राहिल्यावर.

आता दोनशे मीटर. खुणा करून सोडलेल्या फुलपाखरांचा माग काढला तेव्हा बहुतेक जण जन्मल्या जागेपासून दोनशे मीटरच्या आतच राहतात असं आढळलं. काही थोडे त्याहून लांब जातात, पण दाट जंगलाची भिंत मधे आली की थबकतात. म्हणजे दोन ल्युपिनच्या वाफ्यांमधे अर्धा किलोमीटर मेपलची राई वाढली, तर त्यांच्यापुरते ते दोन वाफे दोन वेगळे देश झाले. एका वाफ्यातली फुलपाखरं एखाद्या वाईट वर्षी संपली की तिथे पुन्हा कोणी पोहोचत नाही. जुन्या काळी याला उपाय होता: कुठेतरी वीज पडून, कुठेतरी माणसाने लावून, आगी फिरत राहत. नवे उघडे तुकडे तयार होत, जुने मिटत आणि फुलपाखरं शेजारच्या शेजारी सरकत राहत. विसाव्या शतकात आगी विझवायचं तंत्र सुधारलं आणि माळ मिटले. उरलेल्यांवर घरं आली. मिनेसोटापासून मेनपर्यंत आणि कॅनडाच्या ऑन्टारिओत हे फुलपाखरू होतं. ऑन्टारिओतून 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला गेलं. मेन, मॅसॅच्युसेट्स, पेनसिल्व्हेनिया, इलिनॉय इथूनही. डिसेंबर 1992 मध्ये अमेरिकेने त्याला संकटग्रस्त जातींच्या यादीत घातलं.

मग आग लावा, एवढं सोपं उत्तर नाही. आग अंडी मारते. एप्रिलमध्ये जाळलं तर अळ्या आणि अंडी जळतात, मेमध्ये कोष, जूनमध्ये नवी अंडी, ऑक्टोबरमध्ये हिवाळ्याची अंडी. वर्षातली एकही तारीख अशी नाही जेव्हा कार्नर ब्लू जमिनीलगत कोणत्या ना कोणत्या रूपात नसतं. कधी जाळायचं या प्रश्नाला उत्तरच नाही. उत्तर आहे ते कुठे जाळायचं नाही याला.

म्हणून माळाचे तुकडे पाडतात. फुलपाखरं असलेल्या जागेचा एका वर्षी फार तर एक तृतीयांश भाग जाळायचा आणि तोच तुकडा पुन्हा तीन-पाच वर्षं तरी जाळायचा नाही. जळणाऱ्या तुकड्याला लागून, दोनशे मीटरच्या आत, भरलेला न जळालेला तुकडा हवाच. नाहीतर राखेतून ल्युपिन दुपटीने फुटतं आणि त्यावर बसायला कोणी येत नाही. आगीतही ओलसर खोलगट जागा आपोआप सुटतात. कामाची घाई असलेला माणूस परत जाऊन त्या पेटवतो, जाणता माणूस सोडून देतो.

प्रत्यक्ष जाळण्याची तयारी महिन्यांची आणि जाळ काही तासांचा. आधी ओकची झुडपं यंत्राने छाटतात. डोक्याएवढ्या झुडपात पेटलेली ज्वाला आवरत नाही, छाटून जमिनीवर पडलेला पाला आवरतो. मग तुकड्याभोवती खालची वाळू उघडी पडेपर्यंत जाळरेषा. मग हवेची वाट. आर्द्रता फार कमी नको, पण इतकी जास्तही नको की आग धुमसत राहील. वाऱ्याची दिशा अशी हवी की धूर हमरस्त्यावर आणि दवाखान्यांवर जाऊ नये. ऑल्बनीत ही शेवटची अट सगळ्यांत त्रासाची, कारण तीन बाजूंनी शहर आहे. कित्येकदा सगळी माणसं, पाण्याच्या गाड्या तयार असतात आणि दुपारी वारा फिरतो, काम रद्द. हवा जमली तर आधी कोपऱ्यात एक चाचणीचा जाळ. मग वारा जिकडे जातो त्या कडेपासून सुरुवात, म्हणजे आग वाऱ्याच्या उलट, हळू, खाली वाकून सरकते आणि काळी पट्टी रुंद करत जाते. पट्टी पुरेशी रुंद झाल्यावर दोन्ही बगला आणि शेवटी वाऱ्याच्या तोंडाकडची कड. कोकणात राब भाजणाऱ्याला यातलं बरंच ओळखीचं वाटेल.

एक मात्र इथेच सांगितलेलं बरं: हे वाचून सह्याद्रीतल्या वणव्यांना आधार शोधू नये. पाइन बुशमधली झाडंझुडपं आगीबरोबर वाढलेली आहेत. पिच पाइन जाड सालीतून पुन्हा पालवतो. सह्याद्रीतला वर्षाआड जळणारा डोंगर ही वेगळीच गोष्ट आहे.

जाळूनही चुकतं ते असं. ओकचं झुडूप हिवाळी-वासंतिक आगीने मरत नाही. अन्न मुळांत साठवलेलं असतं, एकाच्या जागी पाच फांद्या फुटतात आणि दोन वर्षांत आधीपेक्षा दाट सावली होते. त्याला हरवायचं तर पानं पूर्ण आल्यावर, मुळं रिकामी असताना, छाटावं किंवा जाळावं लागतं. पण नेमकं तेव्हा फुलपाखरं उडत असतात. म्हणून उन्हाळी काम जिथे कार्नर ब्लू अजून पोहोचलेलं नाही अशा शेजारच्या तुकड्यात आधी उरकतात. ॲस्पेन तोडला की मुळांतून शेकडो कोंब येतात, म्हणून तो तोडत नाहीत, बुंध्याची साल गोल सोलून उभाच वाळवतात. सगळ्यांत चिवट ब्लॅक लोकस्ट हा वृक्ष. तो मूळचा तिथला नाही आणि तोही शेंगवर्गीय, मुळांतून नत्र साठवणारा. तो वाढला की निकस वाळू सकस होते आणि सकस वाळूवर ल्युपिनला जागा उरत नाही. ऑल्बनीत लोकस्टच्या राया नुसत्या तोडल्या नाहीत, बुंधे-मुळांसकट उपसल्या आणि खालची वाळू उघडी करून त्यावर गवत, ल्युपिन आणि फुलझाडं पेरली. जमीन सुपीक झाली म्हणून ती खरवडून काढायची, हे कोणत्याही शेतकऱ्याला पटवणं अवघड आहे.

जिथे जाळता येत नाही तिथे गवत कापतात आणि त्यातही एक आकडा महत्त्वाचा: पातं जमिनीपासून 15 ते 20 सेंटीमीटर वर. अंडी खालच्या भागात असतात. कापणी शरदात उशिरा किंवा हिवाळ्यात, ल्युपिनचं बी पडून गेल्यावर. ठेकेदाराने सवयीने पातं खाली टेकवून गुळगुळीत कापलं, तर एका दुपारीत पुढचं वर्ष जातं. विजेच्या तारांखालचे पट्टे, रस्त्यांच्या कडा, विमानतळाच्या कुंपणालगतच्या जागा, सगळीकडे हा धोका आणि सगळीकडे हीच संधी. कारण या जागा कोणी ना कोणी सतत उघड्या ठेवतंच. विस्कॉन्सिनमध्ये फोर्ट मॅकॉय या लष्करी तळावर रणगाड्यांच्या चाकोऱ्यांलगत ल्युपिन जास्त दाट आढळलं. त्याच राज्यात 1999 मध्ये लाकूड कंपन्या, वीज कंपन्या, काउंटीची वनं आणि राज्याचं खातं यांनी मिळून एक करार केला: तुम्ही तोडा, कापा, पण कुठे, कधी, किती ते फुलपाखराचं वर्ष पाहून. आज सगळ्यांत जास्त कार्नर ब्लू विस्कॉन्सिनमध्ये आहेत आणि त्यांतले कितीतरी अशाच कामाच्या जमिनींवर. कुंपण घालून कुलूप लावलेल्या जागेपेक्षा तोडणीच्या जागेत ते सुखी, हे पचायला मला वेळ लागला. पण वाळूकडे पाहिलं की पटतं.

मोजणी बहुधा दुसऱ्या पिढीची करतात. ठरलेल्या सरळ रेषा, ऊन, उबदार हवा, वारा मंद. सावकाश चालायचं आणि दिसलेलं प्रत्येक फुलपाखरू रेषेपासून किती अंतरावर होतं तेही लिहायचं. लांबची कमी दिसतात, त्या प्रमाणावरून न दिसलेल्यांचा अंदाज निघतो. ढग आला की थांबायचं, ती गवतात बसून राहतात. फार ऊन झालं तरीही सावलीत जातात. एका गटात निदान 3,000 प्रौढ असतील तर तो गट आपल्या पायावर उभा आहे असं धरतात. ऑल्बनीचा गट काही शेकड्यांवर आला होता. जागा उघडल्या, बाहेर वाढवलेले जीव आणून सोडले आणि त्याने हा आकडा ओलांडला.

न्यू हॅम्पशायरने 1992 मध्ये कार्नर ब्लूला राज्य फुलपाखरू केलं आणि 2000 च्या सुमारास ते राज्यातून संपलं. 2001 पासून न्यूयॉर्कच्या वाळूवरून आणलेल्या जिवांवर काँकर्डच्या पाइनच्या माळात पुन्हा सुरुवात झाली. मादी जाळीच्या पिंजऱ्यात ल्युपिनच्या काडीबरोबर ठेवतात, मधाच्या पाण्याचा बोळा देतात, ती अंडी घालते. अळ्यांना रोज ताजी पानं, जुनी पानं बुरशी यायच्या आत बाहेर. पाण्याच्या बाटलीचं तोंड कापसाने बंद, नाहीतर अळ्या उतरून बुडतात. तिथली शाळेची मुलं वर्गात ल्युपिनची रोपं वाढवून माळावर लावतात. अवघड भाग पिंजऱ्यातला नाही, सोडलेल्या फुलपाखराला दोनशे मीटरच्या आत सगळं मिळेल अशी जागा तयार ठेवण्याचा आहे.

आणि जागा तयार असूनही होतं. मिशिगन सरोवराच्या दक्षिण टोकाला इंडियाना ड्यून्सच्या वाळूत कार्नर ब्लू होतं. राखलेलं, जाळलेलं, मोजलेलं. 2012 चा मार्च तिथे उन्हाळ्यासारखा तापला. सगळं आठवडेच्या आठवडे लवकर सुरू झालं, फुलपाखरंही लवकर उडाली. मग पाऊस थांबला आणि त्या उन्हाळ्याच्या दुष्काळात ल्युपिन वेळेआधी वाळलं. दुसऱ्या पिढीच्या अळ्या भुकेल्या असताना पानं संपली होती. पुढच्या दोन-तीन वर्षांत तिथलं शेवटचं कार्नर ब्लूही दिसेनासं झालं.

इंडियानात पुन्हा सोडायची तर अंडी कुठून आणायची, हा प्रश्न नुसत्या अंतराचा नाही. मिशिगन सरोवराच्या पश्चिमेकडच्या काही गटांत वोल्बाकिया नावाचा जिवाणू सापडला आहे. तो कीटकांच्या पेशींत राहतो, आईकडून पिलांत जातो आणि जिवाणू असलेल्या नराचा नसलेल्या मादीशी संयोग झाला तर अंडी फोल जाऊ शकतात. पूर्वेकडच्या निरोगी वाफ्यात पश्चिमेची दहा फुलपाखरं मिसळली तर मदत होण्याऐवजी उरलेलंही जाऊ शकतं. म्हणून जीव हलवण्याआधी दोन्हीकडच्या काही फुलपाखरांची तपासणी हवी. त्यासाठी फुलपाखरू मारावं लागत नाही, मागच्या पायाचा तुकडा पुरतो.